आधी वैरी ठरवा, मग संघ: अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल आणि बास्केटबॉलचा हंगाम नवख्यांनी कसा पाहावा

भारतातून नुकताच आलेला माणूस कॉलेज फुटबॉलकडे चषकाच्या बाजूने बघायला जातो. गुणतक्ता कुठे आहे, पहिलं कोण, फायनल कधी? या वाटेने गेलात तर दोन आठवड्यांत कंटाळाल. वरच्या श्रेणीत १३० हून जास्त संघ आहेत, नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १२ सामने येतात, आणि त्यातले बहुतेक संघ एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. अव्वल कोण, हे बरीच वर्षं पत्रकारांच्या आणि कोचांच्या मतदानावर ठरायचं. आजही प्लेऑफमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेरीत, कोणाला घ्यायचं हे एक समिती बंद खोलीत बसून ठरवते.

म्हणून सल्ला उलटा देतो. आधी वैरी कोण ते बघा. चषकाचं नंतर बघू.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराचा, म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाचा. खाली मिशिगनबद्दल जे येईल त्यातला मसाला वजा करून वाचा.

पायरी १: वैरी ओळखा

संघ निवडायचा प्रश्नच नसतो, तुमच्या विद्यापीठाचा तोच तुमचा. वैरीही कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेला असतो. तो कोण, एवढंच पहिल्या आठवड्यात विचारून घ्या आणि त्याच्या रंगाचा शर्ट बॅगेत तळाशी टाका.

ओहायो स्टेट आणि मिशिगन १८९७ पासून भिडतायत. सामन्याचं नावच 'द गेम'. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, बहुतेकदा भर दुपारी बारा. त्या आठवड्यात कोलंबसच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या इंग्रजी 'एम' अक्षरांवर लाल फुल्या पडतात. पाटी गणित विभागाची असली तरी सुटका नाही. जुनेजाणते लोक मिशिगनचं नाव घेत नाहीत, 'वरच्या अंगाचा तो संघ' म्हणतात.

३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगन आमच्या मैदानावर आलं तेव्हा त्या हंगामात पाच सामने हरलेलं होतं. आम्ही वीसेक गुणांनी जिंकणार असं सगळे धरून चालले होते. हरलो १३-१० ने, तेही सलग चौथ्या वर्षी. मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला, धक्काबुक्की झाली आणि पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. प्रशिक्षक रायन डे यांना हाकला, अशी ओरड त्याच रात्री सुरू झाली. आणि मग सात आठवड्यांनी याच संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. शहराने मिरवणं मिरवलं, पण आजही त्या हंगामाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "ते ठीक आहे हो, पण मिशिगनशी हरलो ना." हे वाक्य ज्याला वेडेपणाचं वाटत नाही त्याला कॉलेज फुटबॉल कळला. (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या घरी जाऊन २७-९ ने वचपा काढला, हेही नोंदवून ठेवतो.)

अलाबामात हेच वैर अलाबामा आणि ऑबर्न यांच्यात आहे. सामन्याचं नाव 'आयर्न बाऊल'. नावात बाऊल असलं तरी हा नियमित हंगामानंतरचा, डिसेंबरातला बाऊल सामना (त्याबद्दल पायरी ४ मध्ये) नव्हे. नवखे इथे हमखास गोंधळतात. २०१३ मध्ये २८-२८ अशी बरोबरी असताना अलाबामाने शेवटच्या सेकंदाला लांबून फील्ड गोलचा, म्हणजे लाथेने चेंडू दोन खांबांमधून घालायचा, प्रयत्न केला. चेंडू आखूड पडला, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तो आपल्या गोलरेषेच्याही मागे झेलला आणि पळत सुटून थेट दुसऱ्या टोकाला नेला. सामना तिथेच संपला. त्या खेळाची चित्रफीत आधी बघा, बाकीचं नंतर वाचा. याच वैरापायी २०१० च्या सामन्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नमधल्या टूमर्स कॉर्नरच्या जुन्या ओक वृक्षांना विष घातलं आणि त्यासाठी तुरुंगात गेला. झाडं अखेर तोडावी लागली. ऑबर्नवाले जिंकले की त्याच चौकात झाडांवर टॉयलेट पेपरच्या पट्ट्या उधळतात. आता नवीन झाडं लावली आहेत.

टेक्सास आणि ओक्लाहोमा ऑक्टोबरात डॅलसच्या राज्य मेळाव्यात खेळतात. कॉटन बाऊल मैदानाची अर्धी बाजू नारिंगी, अर्धी गडद लाल, आणि मधल्या ५० यार्डांच्या रेषेवर रंग सुरीने कापल्यासारखे वेगळे दिसतात. आर्मी आणि नेव्हीचा सामना डिसेंबरात, बाकी सगळ्यांचा नियमित हंगाम आटोपल्यावर होतो. तिथे शेवटच्या शिटीनंतर उठू नका. दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या बाजूला जाऊन त्यांचं संस्थागीत म्हणतात, मग जिंकलेल्यांच्या बाजूला जातात. आपलं गीत दुसरं यावं यासाठीच ती पोरं वर्षभर घाम गाळतात.

तुमच्या विद्यापीठात फुटबॉलच नसेल तर? यूटी डॅलसला आणि बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नला येणाऱ्या आपल्याकडच्या मुलांची हीच अडचण. मग रूममेटचा संघ दत्तक घ्या. कोणी हरकत घेत नाही. फक्त वैरीही त्याचाच घ्यायचा. संघ एकाकडून आणि दुश्मनी दुसऱ्याकडून, असं चालत नाही.

पायरी २: नियम, दहा मिनिटांत

अकरा जण विरुद्ध अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. सरकले की पुन्हा नव्या चार. तीन संधींत जमलं नाही तर चौथ्या वेळी बहुधा चेंडू लांब लाथाडून देतात, जवळ असतील तर फील्ड गोल मारतात, आणि अंगात आलं असेल तर जुगार खेळतात. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेल्याचे, ६ गुण, त्यानंतर लाथेने १ किंवा पुन्हा घुसून २. फील्ड गोलचे ३. बाकीचं बघता बघता समजेल.

टीव्हीवर जी पिवळी रेघ दिसते ती दहा यार्डांची हद्द. ती संगणकाने काढलेली असते. मैदानावर पहिल्यांदा गेलेला माणूस ती गवतात शोधत बसतो. तिथे त्याऐवजी कडेला उभ्या असलेल्या लोकांच्या हातातल्या नारिंगी काठ्या बघायच्या.

घड्याळात सामना साठ मिनिटांचा, प्रत्यक्षात साडेतीन तासांचा. बरोबरी झाली तर दोन्ही संघांना आळीपाळीने प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्डांच्या रेषेवरून संधी मिळते. हा भाग व्यावसायिक एनएफएलपेक्षा फार सरस आहे, आणि यावर वाद घालायची माझी तयारी आहे.

पायरी ३: एकदा तरी मैदानावर जा

विद्यार्थ्यांसाठी तिकिटं वेगळी आणि बरीच स्वस्त असतात, पण त्यांची नोंदणी उन्हाळ्यातच होते. सप्टेंबरात जागं झालात तर वैऱ्याच्या सामन्याचं तिकीट विसरा. दुबळ्या संघाविरुद्धचा एखादा सामना धरा. पहिल्या खेपेला तोच बरा.

बहुतेक मैदानांवर फक्त पारदर्शक पिशवी आत नेऊ देतात. पाठीवरची सॅक घेऊन गेलात तर दारातून परत पाठवतील. बाकं ॲल्युमिनियमची असतात आणि नोव्हेंबरात ती बर्फाच्या लादीसारखी लागतात, तेव्हा बुडाखाली घ्यायला जाड काहीतरी न्या.

सामन्याच्या चार-पाच तास आधी वाहनतळावर टेलगेटिंग सुरू होतं. गाडीची डिकी उघडायची, शेगडी पेटवायची, खायचं-प्यायचं. अनोळखी माणूस हाक मारून हातात प्लेट देईल. रिकाम्या हाताने जाऊ नका. बटाटेवड्यांचा डबा नेलात तर पुढच्या शनिवारी तुम्हाला शोधत येतील. शाकाहारी असाल तर पोटभर खाऊनच आत शिरा, कारण आत प्रेट्झेल, नाचोज आणि फ्राइजच्या पलीकडे फारसं काही मिळत नाही.

मध्यंतरात रांगेत उभं राहू नका, बँड बघा. आमच्याकडे ओहायो स्टेडियमवर लाखभर लोकांसमोर बँडची पोरं चालत चालत 'ओहायो' हा शब्द लपेटीदार इंग्रजी अक्षरांत लिहितात. १९३६ पासूनची रीत. शेवटी सुझाफोन हे अजस्र वाद्य खांद्यावर घेतलेला एक वादक ठुमकत पुढे येतो, 'आय' अक्षराच्या डोक्यावर टिंब म्हणून उभा राहतो आणि कमरेत वाकून मुजरा करतो. त्याला जितक्या टाळ्या पडतात तितक्या कित्येक टचडाउनांना पडत नाहीत. आणि कोणी 'ओ-एच!' असं ओरडलं तर 'आय-ओ!' असं उत्तर द्यायचं. हे विमानतळावरसुद्धा लागू आहे.

पायरी ४: बाऊलचा हंगाम

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चाळीसेक बाऊल सामने होतात. सगळे गांभीर्याने बघायचा प्रयत्न करू नका. आपल्याकडे गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड लागतात ना, तसंच समजा. प्रत्येक गावाची जत्रा वेगळी, इनाम वेगळं, एखाद्या फडाला नामांकित मल्ल येतात तर एखाद्या फडात नारळावर कुस्ती लागते. गर्दी दोन्हीकडे होते.

उगमही जत्रेतलाच. पासाडिना या कॅलिफोर्नियातल्या गावी नववर्षदिनी फुलांनी मढवलेल्या रथांची मिरवणूक निघायची. तिला जोड म्हणून १९०२ मध्ये फुटबॉलचा सामना ठेवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं चोपलं. आयोजक इतके हबकले की पुढची काही वर्षं फुटबॉल बंद करून तिथे रथांच्या शर्यती लावल्या. १९१६ पासून सामना परतला तो आजचा रोझ बाऊल. मंदीच्या काळात इतर ऊबदार शहरांनी तेच केलं: १९३५ मध्ये मायामीचा ऑरेंज आणि न्यू ऑर्लिन्सचा शुगर, १९३७ मध्ये डॅलसचा कॉटन. हिवाळ्यात उत्तरेकडच्या लोकांनी येऊन हॉटेलं भरावीत, हा साधा हिशेब होता.

आता कसं बघायचं ते सांगतो. पहिला गट प्लेऑफचा. २०१४ च्या हंगामापासून त्यात चार संघ असायचे, २०२४ पासून बारा झाले. पहिली फेरी कॅम्पसवर, मग उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा आणि पीच या सहा बाऊलांमध्ये फिरते वाटलेले, आणि अंतिम सामना जानेवारीच्या उत्तरार्धात. आमची २०२४ ची वाट बघा: डिसेंबरच्या गारठ्यात घरच्या मैदानावर टेनेसीला ४२-१७, रोझ बाऊलमध्ये ओरेगनला ४१-२१, कॉटन बाऊलमध्ये टेक्सासला २८-१४, आणि अटलांटात नोट्र डेमला ३४-२३. टेक्सासविरुद्ध शेवटी शेवटी ते बरोबरी साधायच्या बेतात आमच्या गोलरेषेपाशी होते. आमच्या जॅक सॉयरने त्यांच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हातून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड धावत नेला. त्या धावेत शेवटी शेवटी त्याचे पाय जड झालेले स्पष्ट दिसतात.

दुसरा गट मधल्या बाऊलांचा. १२ पैकी ६ सामने जिंकले की संघ बाऊलला पात्र. इथे एक काम सामन्याआधी करा: कोण खेळत नाहीये ते बघा. २०१६ मध्ये लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोघांनी एनएफएलच्या तोंडावर दुखापत नको म्हणून बाऊलमधून अंग काढून घेतलं, तेव्हा केवढा गहजब झाला होता! आज ते कोणाच्या खिजगणतीत नाही. शिवाय डिसेंबरातच खेळाडू विद्यापीठं बदलायच्या तयारीला लागतात, कोचही पळवले जातात. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० अशी अजिंक्य असूनही समितीने चार संघांत घेतलं नाही. डझनावारी खेळाडूंनी ऑरेंज बाऊलला दांडी मारली आणि जॉर्जियाने उरलेल्यांना ६३-३ असं भुईसपाट केलं. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. बऱ्याच बाऊलांची मालकी थेट ईएसपीएनच्या कंपनीकडे आहे, खुर्च्या रिकाम्या असल्या तरी टीव्हीचा धंदा चालतो. मग फुकटात गुडघा कोणी फोडून घ्यायचा?

तिसरा गट माझा आवडता: निव्वळ गंमत. शार्लटच्या ड्यूक्स मेयो बाऊलमध्ये जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर बादलीभर मेयोनीज ओततात. आयडाहोच्या बॉइसीमध्ये निळ्या हिरवळीवर बटाट्याच्या नावाचा बाऊल होतो. आणि २०२३ पासून ऑरलँडोत पॉप-टार्ट्स बाऊल. पहिल्याच वर्षी कॅन्सस स्टेट जिंकल्यावर त्या गोड वडीच्या वेशातलं शुभंकर हसत-नाचत मोठ्या टोस्टरमध्ये उतरलं, खालून त्याच आकाराची खरीखुरी भाजलेली वडी बाहेर आली आणि खेळाडूंनी ती हाताने तोडून खाल्ली. सामना किती-किती झाला ते मलाही बघावं लागतं, पण ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

पायरी ५: बास्केटबॉल, म्हणजे वैर जवळून

२०२५ च्या हंगामाचा फुटबॉल चषक इंडियानाने नेला, एकही सामना न हरता. ज्या विद्यापीठाला जग बास्केटबॉलसाठी ओळखतं, ज्यांचा १९७६ चा पुरुष बास्केटबॉल संघ आजवरचा शेवटचा अजिंक्य विजेता आहे, त्यांनी फुटबॉलमध्ये हे करावं! कोलंबसमध्ये आम्ही अजून तोंडात बोट घालून आहोत. पण इंडियानातल्या माणसाला विचारा, त्याला राज्यातल्याच पर्ड्यू विद्यापीठाला बास्केटबॉलमध्ये हरवायचं असतं ते असतंच.

नियम सोपे: वीस-वीस मिनिटांचे दोन डाव (महिलांचे दहा-दहाचे चार), बास्केट मारायला ३० सेकंद, पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. शेवटची दोन मिनिटं पंधरा मिनिटं चालतात. मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो, म्हणजे घड्याळ थांबतं आणि समोरच्याला फ्री थ्रो चुकवायची संधी मिळते. नवख्यांना हा रडीचा डाव वाटतो. आहेही थोडा. पण सामने त्यानेच फिरतात.

सुरुवात ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्यापासून करा. डरम आणि चॅपल हिल ही गावं दहा मैलांच्या आसपास. डरमचं ड्यूक खासगी आणि महागडं विद्यापीठ, दुसरं सरकारी. एकाचा निळा गडद, दुसऱ्याचा आभाळी. डरमच्या दुकानात आभाळी निळा टी-शर्ट घालून गेलात तर रोखलेल्या नजरा कळतील. नियमित हंगामात दोनदा भेटतात: फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि मार्चच्या सुरुवातीला.

ड्यूकचं कॅमेरन इनडोअर स्टेडियम १९४० चं, जेमतेम ९,३१४ लोकांचं. विद्यार्थी मैदानाच्या कडेला उभे असतात, इतके जवळ की रेषेबाहेरून चेंडू फेकायला आलेल्या कॅरोलायनाच्या खेळाडूच्या पाठीला त्यांची बोटं लागायचीच बाकी असतात. त्या जागेसाठी पोरं जानेवारीपासून बाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकून राहतात. एका तंबूत बारा जणांपर्यंत, रात्रीच्या पाळ्या वाटून घेतलेल्या. कधीही हजेरी घेतली जाते आणि ठरलेली माणसं सापडली नाहीत तर तंबूची नोंद जाते. थंडीत कुडकुडत कॅल्क्युलसचा अभ्यास करणारी मुलं तिथे दिसतील. वस्तीचं नाव क्रिझेव्स्कीव्हिल, प्रशिक्षक माइक क्रिझेव्स्कींवरून.

याच क्रिझेव्स्कींचा घरचा अखेरचा सामना ५ मार्च २०२२ ला होता. जुने खेळाडू जमलेले, निरोपाची भाषणं तयार. कॅरोलायनाने ९४-८१ ने पाणी फिरवलं. महिन्याभराने दोघे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत समोरासमोर आले. इतक्या वर्षांच्या वैरात त्या स्पर्धेतली ही पहिलीच गाठ. कॅरोलायना पुन्हा ८१-७७, आणि क्रिझेव्स्कींची कारकीर्द तिथेच संपली. पुढे अंतिम सामन्यात कॅरोलायना कॅन्ससकडून हरली. पण चॅपल हिलमध्ये त्या वर्षाबद्दल विचारा, कॅन्ससचं नाव सगळ्यात शेवटी येईल.

कॅन्सस वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवा. १८९१ मध्ये ज्यांनी बास्केटबॉल हा खेळच शोधला ते जेम्स नायस्मिथ कॅन्ससचे पहिले प्रशिक्षक. जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरलेले कॅन्ससचे एकमेव प्रशिक्षकही तेच.

महिलांचे सामने 'नंतर बघू' म्हणून सोडू नका. कनेटिकट आणि टेनेसी यांच्यात जीनो ऑरिएमा आणि पॅट समिट या कोचांची जी खुन्नस होती ती पुरुषांच्या कुठल्याही वैरापेक्षा कमी नव्हती. आणि २०२४ चा साउथ कॅरोलायना-आयोवा अंतिम सामना अमेरिकेत पुरुषांच्या अंतिम सामन्याहून जास्त लोकांनी पाहिला.

पायरी ६: ऑफिसातला ब्रॅकेट

मार्चमध्ये ६८ संघांची स्पर्धा जाहीर झाली की ऑफिसात कोणीतरी कागद फिरवेल. त्यात ६३ सामन्यांचे विजेते आधीच लिहून द्यायचे. भरा. खेळ कळत नसला तरी भरा. सगळे बरोबर यायची शक्यता, नाणेफेकीच्या हिशेबाने, ९२ हजार कोटी कोटींत एखादी आहे, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा तज्ज्ञही तुमच्यासारखाच चुकणार.

दोन-तीन ठोकताळे: पहिल्या फेरीत अव्वल मानांकित संघ पुढे घाला. पुरुषांत ते सोळाव्या मानांकिताकडून फक्त दोनदा हरलेत. त्यातला पहिला धक्का २०१८ चा, यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं. बाल्टिमोरजवळच्या या विद्यापीठात आपल्याकडची मुलं एमएस करायला जातात, त्या रात्री अनेकांना पहिल्यांदा कळलं असेल की आपल्याला संघ आहे! पाचव्या विरुद्ध बाराव्या मानांकिताच्या सामन्यांत एखादा उलटफेर धरा. आणि स्वतःच्या वैऱ्याला अंतिम विजेता म्हणून लिहू नका. पैसे मिळतील कदाचित, पण तो कागद भिंतीवर लागतो आणि सगळे वाचतात.

भारतातून बघणाऱ्यांसाठी

'द गेम' दुपारी बाराला असेल तर भारतात शनिवारी रात्रीचे साडेदहा. हा आई-बाबांनाही सोबत घेऊन बघण्यासारखा. ड्यूक-कॅरोलायना संध्याकाळी साडेसहाला असेल तर रविवारी पहाटेचे पाच. रोझ बाऊल १ जानेवारीचा, पण आपल्याकडे तारीख २ उजाडलेली असते, आणि १ तारीख रविवारी आली तर सामना एक दिवस पुढे जातो. सगळं जमणार नसेल तर नोव्हेंबरचा तो एकच शनिवार राखून ठेवा. आणि शर्ट लाल घाला.